तीस अंडी आणि चिमूटभर तांबं

गोरेगावहून सुटणाऱ्या स्लो लोकलच्या मालडब्यात मी पहिल्यांदा चढले तेव्हा माझ्या हातात थर्माकोलचा खोका होता आणि त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हलवू नये'. समोर विक्री आटोपून रिकाम्या टोपल्या घेऊन निघालेल्या दोन कोळणी बसल्या होत्या. एकीने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे डायवरला दाखवलंस काय गो?"

खोक्यात तीस अंडी होती, आरे कॉलनीतल्या सरकारी कुक्कुटपालन केंद्रातून आणलेली. दुकानातली अंडी मला चालत नाहीत. त्या कोंबड्यांनी कोंबडा कधी बघितलेलाच नसतो, त्यामुळे ती अंडी कितीही उबवली तरी आत काही घडत नाही. मला फलित अंडी हवी होती. "गावठी काय? कशी दिली?" मावशींनी विचारलं. विकायची नाहीत, प्रयोगाला आहेत, म्हटल्यावर त्यांचा रस संपला. पण अंधेरीला गर्दीचा लोंढा आत आला तेव्हा त्याच मावशींनी आपली टोपली खोक्यापुढे आडवी घातली आणि दादरपर्यंत काढली नाही.

मी पीएच.डी.साठी काय करत होते ते थोडक्यात सांगते. हाडात पडलेली पोकळी भरायला काचेची पूड बनवायची, त्या काचेत थोडं तांबं घालायचं, आणि ते तांबं हळूहळू सुटून आजूबाजूला नव्या रक्तवाहिन्या फुटतात का ते तपासायचं. हे ऐकल्यावर नातेवाईक 'काच'पाशीच अडकतात. काच शरीरात? लग्नकार्यात मला हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर पाठ झालंय. १९६७ साली लॅरी हेंच नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ एका परिषदेला बसने चालले होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेला लष्करी अधिकारी बसला होता. त्याने विचारलं, शरीर जे बाहेर फेकणार नाही असं काही तुम्हाला बनवता येईल का? तोवर शरीरात घालायचे ते धातू आणि प्लास्टिक, आणि शरीर त्यांच्याभोवती कातडीसारखं वेष्टण करून त्यांना वाळीत टाकायचं. हेंच यांनी १९६९ मध्ये जी काच केली तिच्यात वजनाने ४५ टक्के सिलिका होती, कॅल्शियम आणि सोडियमचे ऑक्साइड प्रत्येकी साडेचोवीस टक्के, आणि ६ टक्के फॉस्फरसचं. ही काच रक्ताच्या पाण्यात विरघळू लागते, तिच्यावर हाडातल्या खनिजासारखाच थर धरतो आणि हाड तिला चिकटतं. खिडकीच्या तावदानाशी तिचं नातं फक्त आडनावापुरतं.

हाड चिकटतं इथवर ठीक. अडचण येते ती पोकळी मोठी असली की. पेशीला प्राणवायू मिळतो तो जवळच्या केशवाहिनीतून झिरपून, आणि हे झिरपणं शे-दोनशे मायक्रॉनपलीकडे पोचत नाही. म्हणजे डोक्याच्या दोन केसांची जाडी. तुम्ही बोराएवढा भराव घातलात तर कडेच्या पेशी मजेत आणि मधल्या उपाशी. तिथे रक्तवाहिनी न्यावीच लागते.

वाहिनी न्यायची तर शरीराची स्वतःची एक पद्धत आहे. ती मला आमच्या चाळीमुळे पटकन समजली. चाळीत एक काका असतात, पाणी कमी आलं की वॉर्ड ऑफिसला तक्रार करणारे. पेशीत हे काम एचआयएफ नावाचं प्रथिन करतं. प्राणवायू पुरेसा असेल तेव्हा एक विकर (एन्झाइम) या काकांना रोज गप्प करतं, म्हणजे अक्षरशः मोडीत काढायला पाठवतं. प्राणवायू कमी पडला की ते विकर थंडावतं, काका सुटतात, तक्रार जाते, व्हीईजीएफ नावाचा निरोप बाहेर पडतो आणि आसपासच्या वाहिन्यांना नवे फाटे फुटतात. हा सगळा कारभार उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. त्या विकराच्या पोटात लोखंडाचा एक अणू असतो. कोबाल्टचे आयन त्याची जागा बळकावतात आणि विकर बंद पडतं. नळाला पाणी भरपूर असतं, पण तक्रार गेलेली असते, आणि पालिका निमूटपणे नवी पाइपलाइन टाकते. तांब्याचे आयनही ही तक्रार पुढे सरकवतात, शिवाय वाहिन्यांच्या आतल्या अस्तरातल्या पेशींना वाढायला थेट चिथावतात. तांब्याचं हे अंग सशाच्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं.

मग सरळ व्हीईजीएफच का घालत नाही, हा प्रश्न मुलाखतीत मलाही विचारला होता. कारण ते महाग, नाजूक, आणि जास्त झालं तर गळक्या वाहिन्या तयार करणारं. तांबं काचेबरोबर ७०० अंशांच्या भट्टीतून जातं आणि बाहेर येऊन कामाला लागतं. प्रथिनाची तिथे राखसुद्धा उरत नाही.

सुरुवातीला मी कोबाल्टवरही काम केलं. कोबाल्ट दिसायला फार देखणं: द्रावण गुलाबी, काच गर्द निळी. पण त्याचा इतिहास वाचल्यावर हात आखडला. एके काळी पंडुरोगावर कोबाल्टचं औषध देत असत, ते थायरॉइडच्या त्रासामुळे मागे पडलं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १९६५-६६ साली बिअरचा फेस टिकावा म्हणून ते घातलं गेलं आणि पिणाऱ्यांची हृदयं निकामी झाली. माझ्या मार्गदर्शक सरांनी एवढंच विचारलं, "हे तू रुग्णाच्या हाडात ठेवणार?" तेव्हापासून माझ्या टेबलावर कोबाल्ट फक्त डेसिकेटरच्या, म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायच्या भांड्याच्या, तळाशी उरलं. निळ्या सिलिका जेलमध्ये तेच असतं. कोरडं तोवर निळं, ओल धरली की गुलाबी. मुंबईच्या जुलैत ते दोन दिवसांत गुलाबी व्हायचं आणि मी ते ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळं करत बसायचे.

तांब्याबद्दल मला लेखांच्या आधी आईने शिकवलं होतं. आमच्याकडे पितळेची जुनी पातेली आहेत. कल्हईवाला आता वर्षातून एकदा आला तरी खूप, त्यामुळे त्यांतली निम्मी माळ्यावर. लहानपणी मी एकदा कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ओतून ठेवलं. संध्याकाळी ते हिरवट झालं होतं आणि तोंडाला विचित्र लागत होतं. आई म्हणाली, "कळकलं." आंबट पदार्थ उघड्या पितळेतलं तांबं ओढून घेतो, एवढाच त्याचा अर्थ, आणि मी जे मोजायला आयसीपी नावाच्या महागड्या यंत्रापुढे नंबर लावत होते ते हेच होतं: कुठल्या पाण्यात, किती दिवसांत, किती तांबं सुटलं. तांब्याच्या तांब्यातलं पाणी मात्र आई रोज सकाळी पिते. फरक मात्रेचा. माझी तीन वर्षं त्या मात्रेतच गेली.

काच मी वितळवून करत नव्हते. सोल-जेल पद्धतीत सिलिकाचं द्रवरूप संयुग, टिओस, आम्लाच्या पाण्यात ढवळत ठेवायचं. आधी तेल आणि पाण्यासारखे दोन थर दिसतात, मग तासाभरात एकदम निवळशंख होतं. त्यात फॉस्फेट, मग कॅल्शियम नायट्रेट, शेवटी कॉपर नायट्रेट. प्रत्येकाला पाऊण तास द्यायचा. घाई केली की पुढे पूड एकसारखी होत नाही. मग झाकण घट्ट लावून तीन दिवस हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी डबा वाकडा केला तर आतलं हलत नाही. खरवसाच्या वडीसारखं, पण आकाशी. ते मुरवायचं, वाळवायचं आणि भट्टीत घालायचं. भट्टीत नायट्रेट जळताना तांबूस धूर येतो, तो फ्यूम हूडमध्येच, म्हणजे धूर बाहेर ओढणाऱ्या कपाटातच, गेला पाहिजे. आमच्या हूडचा पंखा पावसाळ्यात कधीकधी संप करायचा, त्या दिवशी भट्टीला सुट्टी.

मी चार काचा केल्या: बिनतांब्याची, एक टक्का, दोन टक्के आणि पाच टक्के तांब्याची. पूड माध्यमात, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात, एक दिवस भिजवून तो अर्क आधी पेशींवर घातला. नाळेच्या शिरेतून काढलेल्या पेशी, ह्युवेक. पहिल्या खेपेला सगळ्या मेल्या, बिनतांब्याच्या काचेवरच्यासुद्धा. आठवडाभर मी तांब्याला दोष दिला. दोषी होता सामू, म्हणजे द्रवाचा आम्ल-अल्कपणा (pH). नवी काच पहिल्या दिवसात भराभर कॅल्शियम सोडते आणि माध्यम अल्कधर्मी होतं. पूड आधी भिजवून, ते पाणी टाकून मग वापरली तर पेशी जगल्या. मॅट्रिजेल नावाच्या जेलवर या पेशी रात्रीत एकमेकींना धरून नळ्यांची जाळी करतात. ते जेल खोलीच्या तापमानाला क्षणात घट्ट होतं, म्हणून मे महिन्यात मी पिपेटची टोकंसुद्धा फ्रीझरमध्ये ठेवायचे. त्याबद्दल एवढंच. खरी गोष्ट अंड्यांची.

कोंबडीचं पिल्लू एकवीस दिवसांत बाहेर येतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कवचाच्या आत एक पातळ पडदा पसरायला लागतो, पिल्लाचं फुप्फुसच म्हणा. तो रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला असतो. कवचाला खिडकी पाडायची, पडद्यावर आपली वस्तू ठेवायची आणि वाहिन्या तिच्याकडे वळतात का ते पाहायचं. लॅबमध्ये आम्ही त्याला नुसतं 'कॅम' म्हणतो.

पहिल्या दिवशी अंडी आडवी ठेवून साडेसदतीस अंशांवर उबवायला लावली. तिसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च कवचाला टेकवून पाहिलं. फलित अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेघा दिसतात. ज्यात दिसल्या नाहीत ती बाजूला. मग सुईने टोकाकडून दोनेक मिलिलिटर पांढरं बलक काढून घ्यायचं, म्हणजे आतलं सगळं थोडं खाली बसतं आणि वरचं कवच मोकळं होतं. मी कवच दाढीच्या ब्लेडएवढ्या छोट्या करवतीने घासून कापलं. चौकोन उचलला, आणि खाली पिवळ्यावर मोहरीहून लहान लाल ठिपका होता. तो धडधडत होता. मला वाटलं माझा हात थरथरतोय म्हणून अंड्याला धक्का बसतोय. हात काढून घेतला. ठिपका त्याच्या तालात चालू होता.

त्या दिवशी मी जेवले नाही, आणि हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. आमच्याकडे अंडं घरात येत नाही ते वेगळंच. बाराव्या दिवशी प्रयोग संपतो आणि अंडी फ्रीझरमध्ये जातात. समितीची परवानगी होती, नियम पाळले होते. तरी फ्रीझरचं दार लावताना मी दरवेळी दुसरीकडे बघायचे.

आठव्या दिवशी अर्कात भिजवलेल्या फिल्टर पेपरच्या चकत्या पडद्यावर ठेवल्या, बाराव्या दिवशी खिडकी मोठी करून सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले. आणि काय सांगू! दोन टक्के तांब्याच्या चकतीभोवती वाहिन्या सायकलच्या आऱ्यांसारख्या आल्या होत्या. मी फोटो सगळ्यांना पाठवला, मोठ्या बहिणीलासुद्धा, जी बँकेत आहे. रात्री मैत्रिणींना माटुंग्यात डोसा खाऊ घातला.

दुसऱ्या दिवशी सरांनी फोटो पडद्यावर मोठा केला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेनचं टोक टेकवलं. "हे पांढरं काय आहे?"

आऱ्यांचा मध्य चकतीत नव्हता. चकतीच्या कडेला, जिथे सगळ्या रेघा खरोखर मिळत होत्या तिथे, मिठाच्या कणाएवढा पांढरा कण होता. टरफलाचा. मी करवतीने घासताना पडलेला. हा पडदा फार हळवा असतो, धुळीचा कण पडला तरी त्याला सूज येते आणि वाहिन्या तिकडे धाव घेतात. दिसायला ते हुबेहूब यशासारखं दिसतं.

"कंट्रोलमध्ये असं कुठे नाही ना?" सरांनी विचारलं. कंट्रोल म्हणजे नुसत्या मिठाच्या पाण्याची चकती. तिथे वाहिन्या तशा यायला नकोत.

आता खरं सांगायची वेळ होती. कंट्रोलच्या दोन अंड्यांत तशीच चाकं होती. मी ती 'खराब नमुना' म्हणून वगळली होती. मुद्दाम फसवायचं मनात नव्हतं. मला ती त्या क्षणी खरंच खराब वाटली. तांब्याच्या अंड्यातलं चाक मला निकाल वाटलं आणि कंट्रोलमधलं तेच चाक चूक. सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तीस अंडी पुन्हा आण," आणि चष्मा पुसत बसले.

पुन्हा आणली. या वेळी कवचावर आधी पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि पट्टीसकट बाकदार कात्रीने कापलं, म्हणजे चुरा पट्टीलाच चिकटून राहतो. तरीही एक घोळ उरला: तिसऱ्या दिवशी काही अंड्यांत जाळी मोठी, काहींत अगदी इवली. अंडी एकाच दिवशी घातलेली, एकाच यंत्रात. शेवटी कारण सापडलं ते लोकलमध्ये. फलित अंडं साधारण एकवीस अंशांखाली ठेवलं तर झोपून राहतं, त्यावर गेलं की आतली वाढ सुरू होते. मे महिन्यात गोरेगाव ते दादर, शिवाय रिक्षा आणि स्टेशनवर थांबणं, म्हणजे माझा 'पहिला दिवस' मालडब्यातच सुरू होत होता; खोक्याच्या कडेच्या अंड्यांचा आधी, मधल्यांचा नंतर. मग पहाटेची गाडी धरली आणि खोक्यात गार पाण्याच्या पिशव्या कापडात गुंडाळून ठेवल्या. बर्फ नाही, बर्फाने अंडं मरतं. तो खोका दादरच्या मासळीबाजारातून घेतला होता, कितीही धुतला तरी बोंबलाचा वास येई. लॅबमधल्या कुणी तक्रार केली नाही. सगळ्यांना आवडतात.

आणि फोटो. या खेपेला ज्युनियर मुलीने प्रत्येक फोटोचं नाव पुसून नुसता आकडा दिला, यादी आपल्या कपाटात कुलपात ठेवली. मी आणि तिने वेगवेगळ्या बसून चकतीच्या घेराला ओलांडणाऱ्या वाहिन्या मोजल्या. आकड्यामागे कुठलं अंडं हे माहीत नसताना मोजणं हा विचित्र अनुभव आहे. एखादा फोटो आवडतो, वाटतं हा माझाच, आणि त्या वाटण्याला काही आधार नसतो.

चार दिवसांनी यादी उघडली. नुसत्या पाण्यापेक्षा बिनतांब्याच्या काचेवर वाहिन्या थोड्या जास्त होत्या. काचेतून सुटणारी सिलिका आणि कॅल्शियम आपलं काम करतातच. एक टक्क्याचा आकडा त्याच्या जवळपास, वेगळा म्हणावा असा नाही. दोन टक्क्यांवर वाढ होती. खरी, पण डोसा खाऊ घालण्याजोगी नाही. आऱ्या नव्हत्याच, चकतीकडे वळलेल्या बारीक फांद्या होत्या, मोजल्याशिवाय लक्षातही आल्या नसत्या. पाच टक्क्यांवर चकतीखालचा पडदा पांढराफटक, कडेला रक्त साकळलेलं, दोन अंडी मेलेली. तिथे तांबं इतकं सुटलं होतं की पेशीच जळाल्या.

घरी फोटो दाखवताना मी अंडं हा शब्द टाळला. आईने शेवटचा फोटो बघून विचारलं, "हे असं का?"

"तांबं जास्त झालं."

"कळकलं म्हण की," ती म्हणाली आणि कुकर बघायला गेली.

प्रबंध लिहिताना मी लिहिलं होतं, 'तांब्यामुळे रक्तवाहिन्यांची लक्षणीय वाढ झाली'. सरांनी 'लक्षणीय' खोडलं, पुढे संख्या लिहायला लावली, आणि किती अंड्यांत, तेही. किती अंडी का वगळली त्याचा तक्ता वेगळा. पहिल्या तुकडीचा तो सुंदर फोटो काढून टाकायचा की ठेवायचा यावर आमचं बरंच बोलणं झालं. शेवटी तो परिशिष्टात गेला, पान २११ वर. चकती, आऱ्या, आणि टरफलाच्या कणाकडे दाखवणारा एक बाण. तो बाण मी रेखाटला आहे.